बावीस की बत्तीस

"आधी हातात घेऊन पाहा," असं म्हणत मुनीराबेननी काउंटरवरच्या हिरव्या कापडावर दोन रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी ठेवली. "हे बावीस बोअर, हे बत्तीस. दोन्ही रिकामी आहेत. तरी तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा उघडून दाखवते."

त्यांनी दोन्ही उघडली, चक्र फिरवून दाखवलं. मी पाहिल्यासारखं केलं.

नागपुरात इतवारीच्या एका अरुंद गल्लीत ते दुकान होतं. खाली दुकान, वर घर. बाहेर मिरच्यांच्या पोत्यांचा खकाणा आणि हातगाडीवाल्यांची ओरड. आत मात्र एखाद्या जुन्या बँकेत असावी तशी शांतता. काचेच्या कपाटांत साखळी ओवून बंदुका उभ्या केलेल्या. मुनीराबेन बोहरी समाजाच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, अंगात बोहरी बायकांचा झगा, फिकट जांभळा रिदा, त्याला पांढरी लेस, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा. शस्त्रांच्या दुकानात गल्ल्यावर बाई असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या दिवसांत मला कशाचंच फारसं नवल वाटत नव्हतं.

मी अरविंद देवतळे, हिंगणघाटचा. तिथे चुलतभावाबरोबर माझी कापसाच्या जिनिंगची फॅक्टरी होती. हंगामात रोकड घेऊन खेडोपाडी फिरावं लागे म्हणून फार पूर्वी शस्त्राचा परवाना काढला होता. शस्त्र मात्र कधी घेतलं नाही. वर्षभरापूर्वी फॅक्टरीतला माझा हिस्सा भावाला देऊन मोकळा झालो. भांडण नाही, तंटा नाही. मुलगी भोपाळला सुखात होती. घरी मी आणि माझी बायको कुंदा, दोघंच. ज्या वयात लोक परवाने परत करतात त्या वयात मी रिव्हॉल्व्हर घ्यायला आलो होतो.

"कोणतं चांगलं?" मी विचारलं.

"कशासाठी?"

"सुरक्षेसाठी."

"घरच्या की वाटेतल्या?"

"घरच्या."

"कोणी धमकी देऊन राहिलं का?"

"नाही."

"आजूबाजूला चोऱ्या?"

"नाही. असावं आपलं घरात."

मुनीराबेननी मान डोलावली आणि बावीस बोअर माझ्या हातात दिलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं होतं.

"बावीसची गोळी लहान," त्या सांगू लागल्या. "हिसका कमी, आवाज कमी. मनगटात जोर नसला तरी चालून जातं. गोळ्या स्वस्त, म्हणून सराव होतो. लोक याला खेळणं म्हणून हसतात. आता हे घ्या."

बत्तीस बोअर जड होतं. माझा हात काउंटरपर्यंत खाली आला.

"परवानेवाले बहुतेक हेच नेतात. नाव मोठं आहे ना बत्तीसचं! पण हिसका देतं. गोळ्या महाग, म्हणून कोणी सराव करत नाही. घरी नेऊन कपाटात ठेवतात, दसऱ्याला फुलं वाहतात. माझं विचाराल तर ज्याचा तुम्ही सराव करणार तेच चांगलं. तुम्ही सराव कुठे करणार?"

"बघू."

"वर्ध्याकडे चौकशी करा. एखादा रायफल क्लब असला तर सभासद व्हा."

"बघू."

"साफसफाईचं सामान देऊ? तेल, ब्रश?"

"आत्ता नको."

"कमरेला लावायचं कव्हर?"

"नको."

"ठेवणार कशात? कुलपाचं कपाट आहे?"

"आहे."

"चावी मॅडमकडे राहील?"

"तिला हे माहीत नाही," मी बोलून गेलो. मग घाईघाईने म्हणालो, "म्हणजे सांगणार आहे. घेतल्यावर."

मुनीराबेननी माझा परवाना उचलला आणि चष्मा वर सरकवून वाचला. "इतकी वर्षं घेतलं नाही. मागच्याच महिन्यात मुदत वाढवून आणली. मग आता काय झालं?"

"काही झालं नाही हो."

"साहेब, रिव्हॉल्व्हर घ्यायला येणारा माणूस कसा येतो सांगू? मुलगी पाहायला आल्यासारखा. सोबत मेहुणा, सोबत मित्र. हे दाखवा, ते दाखवा. खोड काढतो, भाव पाडून मागतो, चहा पितो आणि उद्या येतो म्हणून निघून जातो. असं चार वेळा करतो. तुम्ही एकटे आले. भावसुद्धा विचारला नाही."

मला बोलण्याचा कंटाळा आला होता. खरं तर मला बोलण्याचा कंटाळा येऊन कित्येक महिने झाले होते. मी म्हणालो, "कोणतंही द्या. दोन्हींतलं आज मिळेल ते द्या."

"आज?"

"हो, आजच."

मुनीराबेननी चष्मा काढला. दोन्ही रिव्हॉल्व्हर उचलली, मागच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाट बंद केलं. किल्ल्यांचा जुडगा रिद्याच्या आत कुठेतरी गेला.

"जेवणाची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "दुकान बंद करते. वर चला, जेवून घ्या. मग बोलू."

"तुम्ही जेवा. मी बाहेर थांबतो."

"या उन्हात कुठे थांबता? आमच्यात सगळे एका थाळात जेवतात. मी आणि अब्बा दोघंच आहोत, थाळ मोठा पडतो. चला."

"मला जरा घाई आहे."

"कशाची?"

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं. मी उत्तर शोधू लागलो. गाडी गाठायची आहे म्हणावं, तर बस दर अर्ध्या तासाला होती. कोणी वाट पाहतंय म्हणावं, तर कुंदाला मी डोळे तपासायला चाललोय, संध्याकाळ होईल, असं सांगून आलो होतो. मला घाई होती हे खरं होतं, पण ती कशाची हे त्या बाईंसमोर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जिन्याकडे हात केला. मी गेलो.

वर खोलीत चटईवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, सोनेरी काठाची पांढरी टोपी. "हे माझे वडील, तैयबभाई," मुनीराबेन म्हणाल्या. "अब्बा, हे देवतळे साहेब. हिंगणघाटहून आले."

"आइए, आइए," असं म्हणत ते बाजूला सरकले, जणू मी रोजच येत होतो.

मधे एका बैठ्या चौकीवर मोठा थाळ ठेवला होता. हात धुवायला पाणी आलं. तैयबभाईंनी चिमटीभर मीठ माझ्यापुढे केलं, आधी ते जिभेवर ठेवायचं. मग थोडं गोड. मग डाळभात आणि त्यावर घ्यायची आंबट कढी. आम्ही तिघं तीन बाजूंनी बसलो आणि प्रत्येकाने आपल्या समोरचं खायला सुरुवात केली.

घरी माझ्या ताटाचं मला बरं जमायचं. पोळी दुमडून ठेवायची, भाजी कडेला पसरायची, कुंदा आत गेली की ताट उचलून मोरीत न्यायचं. इथे तसं करता येईना. थाळात तैयबभाईंची बाजू रिकामी होत चालली, मुनीराबेनची झाली, आणि माझ्या बाजूला भाताचा डोंगर तसाच उभा राहिला.

"किती दिवस झाले असं होऊन?" मुनीराबेननी विचारलं.

"कसं?"

"अन्नाची चव जाऊन."

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खोटं सुचलं नाही. "आठेक महिने," मी म्हणालो.

"झोप?"

"पहाटेच उघडते. मग नाही लागत."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि माझ्या समोर नीट बसल्या. "देवतळे साहेब, मी एक विचारते. चुकीचं असेल तर मला शिव्या द्या आणि उठून दुसऱ्या दुकानात जा. हे रिव्हॉल्व्हर तुम्ही स्वतःचा जीव द्यायला नेऊन राहिले का?"

खाली गल्लीत कोणीतरी हातगाडीला वाट द्या म्हणून ओरडत होतं. तैयबभाई थाळाकडे पाहत होते. आठ महिन्यांत मला खूप जणांनी खूप काही विचारलं होतं. बरं नाही का, शुगर तपासली का, योगासनं का करत नाही, भावाने फसवलं का. हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

तो शब्द बाहेर पडला. मी रडतोय हे मला थोड्या वेळाने कळलं. बापाच्या मरणातही मी असा रडलो नव्हतो.

लोक कारण विचारतात. कारण असतं तर मलाच बरं वाटलं असतं. कर्ज नव्हतं, दुखणं नव्हतं, कोणाशी वैर नव्हतं. कारखान्यातून बाहेर पडल्यावर एका सकाळी दाढी करायला उभा राहिलो आणि फेस गालावर तसाच वाळला, हात वर जाईना. तिथून सुरुवात. मग सगळंच जड होत गेलं. अंघोळ जड, फोन उचलणं जड, मुलीशी हसून बोलणं तर सगळ्यांत जड. हळूहळू मनात असं घट्ट बसलं की मी गेलो तर कुंदा सुटेल, पोरगी सुटेल, दोन दिवस रडतील आणि मग मोकळ्या होतील. आज मला ते आठवताना वेड्यासारखं वाटतं. तेव्हा ते मला हिशेबासारखं सरळ वाटत होतं. घरची कागदपत्रं मी लावून ठेवली होती. उरलं होतं ते इतवारीतलं एक काम.

मुनीराबेननी उपदेश केला नाही. आयुष्य सुंदर आहे असं म्हणाल्या नाहीत. पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. आता हे एकट्याचं राहिलं नाही."

तैयबभाई उठून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ते पुढचा बराच वेळ सोडलं नाही.

"तुम्ही ओळखलंत कसं?" मी विचारलं.

मुनीराबेननी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी होकार दिल्यावर त्या बोलल्या. "खूप वर्षं झाली, तेव्हा खाली अब्बा बसत होते. एक सज्जन आले. खूप अदबीचे. अब्बांनी त्यांना असंच सगळं समजावलं, बावीस काय, बत्तीस काय. ते म्हणाले, आज असेल ते द्या. कागद पक्के होते, अब्बांनी दिलं. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकशीला आले."

"गुनाह मेरा नहीं था," तैयबभाई म्हणाले. "सब ने कहा. पुलिस ने भी कहा." मग त्यांनी मराठीत सुरू केलं, थांबत थांबत. "पण मी त्याला विचारलं नाही. विचारायचं होतं फक्त. मला वाटलं, असं कसं विचारू? वाईट दिसेल. दुकानात मग मी बसलो नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाच्या घरचं मला काही माहीत नव्हतं, पण त्याच्या जाण्याने मोकळं कोणी झालेलं नव्हतं. ज्याच्याशी त्याचं उभ्या आयुष्यात अर्धा तास बोलणं झालं असेल, तो म्हातारा इतक्या वर्षांनी माझं मनगट घट्ट धरून बसला होता. माझा तो सरळ वाटणारा हिशेब तिथे पहिल्यांदा डळमळला.

"आता मॅडमना फोन करायचा," मुनीराबेन म्हणाल्या. "तुम्ही करता की मी करू?"

"तिला काय सांगणार?"

"मला सांगितलं तेच."

कुंदाने फोन उचलल्याबरोबर विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? मोतीबिंदू आहे का?"

"कुंदा, मी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलोच नाही." पुढचं मला कसं बोलता आलं ते आठवत नाही. तुटक तुटक बोललो, पण सगळं बोललो. मधे तिच्याकडून काहीच ऐकू येईना. फोन कटला की काय म्हणून मी दोनदा "हॅलो" म्हणालो.

"आहे मी," ती म्हणाली. "कुठे आहात तुम्ही?"

मी सांगितलं.

"तिथून हलायचं नाही. समजलं? आणि त्या बाईंना फोन द्या."

मुनीराबेन गॅलरीत जाऊन बोलल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "निघून राहिल्या त्या. येईपर्यंत तुम्ही अब्बांजवळ बसा. ग्राहक येतील, मला खाली जावं लागेल."

"आणि मी निघून गेलो तर?"

"अब्बांनी हात धरलाय ना," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातून सोडवून घेऊन दाखवा."

ती दुपार मला आजही दिसते. तैयबभाईंनी मला माझ्याबद्दल काही विचारलं नाही. हिंगणघाटचा म्हणून कापसाबद्दल विचारलं. चांगला कापूस कसा ओळखायचा, भिजवून आणला तर कळतं का, सरकी काढताना धागा तुटतो तो कशाने. मी आधी एकेका शब्दात उत्तरं दिली. मग चिमटीत कापूस धरून धागा कसा ओढून पाहतात ते सांगताना खोलीत कापूस नव्हता, म्हणून त्यांनी एका उशीची शिवण उसवली. आम्ही दोघं त्या उशीतला कापूस ओढत बसलो. तो वाईट होता. "ये तो कचरा है," असं मी म्हणालो तेव्हा ते तोंडभर हसले. "तीस साल से इसी पे सो रहा हूँ!"

मीही हसलो असेन. नक्की सांगता येत नाही.

कुंदा आली तेव्हा ऊन उतरलं होतं. जिना चढून ती दारात उभी राहिली. साडी घरातली, केस नीट बांधलेले नाहीत, पायांत अंगणात घालायच्या रबरी चपला. बाहेर जाताना पदराची पिन न लावता कधी उंबरा ओलांडणारी बाई नव्हती ती. ती येईल, रागावेल, रडेल, असं सगळं मी मनात पाहून ठेवलं होतं. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर रुसलात."

"काय?"

"आठ महिने मी तेच शोधून राहिले. माझं काय चुकलं, मी काय बोलले. जेवत नाही म्हणजे माझ्या हातचं नको झालं. बोलत नाही म्हणजे मनातून उतरले. तुम्ही आजारी आहात हे मला कळलंच नाही हो."

मी तिला सोडवायला निघालो होतो, आणि ती बिचारी इतके महिने स्वतःला दोषी धरून माझ्या शेजारी झोपत होती. मी गेल्यावर तिने जन्मभर तेच धरलं असतं. मी तिचा हात हातात घेतला. कितीतरी दिवसांनी.

मुनीराबेनच्या ओळखीचे एक मनोविकारतज्ज्ञ होते, सदर नावाच्या भागात. त्यांनी फोन करून त्याच संध्याकाळची वेळ घेतली होती. दुकान बंद करून त्या आमच्याबरोबर ऑटोत बसल्या. निघण्याआधी मी परवाना खिशातून काढून त्यांच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याजवळ नको."

"ठेवते. बरे झालात की या, तेव्हा ठरवू काय करायचं."

तैयबभाई दारापर्यंत आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं. "शुक्रिया," ते म्हणाले. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आभार मी मानायचे होते. ते पुन्हा म्हणाले, "शुक्रिया बेटा. तुम्ही खरं सांगितलं."

बरं होणं लोकांना वाटतं तसं नसतं. औषध घेतलं आणि आभाळ निवळलं, असं काही झालं नाही. पहिल्या गोळ्या मानवल्या नाहीत, डॉक्टरांनी बदलल्या. काही आठवडे तर मी मुनीराबेनवर मनातल्या मनात चिडलो होतो, कशाला मधे पडल्या म्हणून. त्या मात्र दर जुम्म्याला फोन करत. "काय करून राहिले?" एवढंच विचारत. मी "काही नाही" म्हणालो की म्हणत, "ठीक आहे. काही नाही करा, पण करत राहा." मुलगी भोपाळहून येऊन राहिली. मी तिच्यासमोर रडलो, तीही रडली, आणि मग ती मला रोज सकाळी हात धरून चालायला नेऊ लागली. भाऊ येऊन बसायचा. त्याला काय बोलावं सुचायचं नाही, तो पेपर मोठ्याने वाचायचा.

हिवाळ्यात एके दिवशी कुंदाने भरली वांगी केली. पहिला घास घेतला आणि मी म्हणालो, "तिखट झालंय."

कुंदा वाढता वाढता थांबली. "काय म्हणालात?"

"तिखट झालंय म्हटलं. आणि मीठ कमी आहे."

ती भांडं खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी आत डोकावलो. ओट्याला धरून ती रडत होती. मला पाहून म्हणाली, "रोज नावं ठेवा. रोज ठेवा तुम्ही."

वर्ष उलटल्यावर आम्ही दोघं इतवारीत गेलो. परवाना घेतला आणि तो रीतसर जमा करून टाकायचं ठरवलं. कुंदाने मुनीराबेनसाठी साडी नेली होती. मग ऐन वेळी लक्षात आलं की त्या रिदाच घालतात, आणि ती ओशाळली. मुनीराबेननी ती साडी उलगडून अंगाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "याचा रिदा शिवते. तुम्हीच येऊन पाहा." त्यांनी खरंच शिवला.

चहा पिता पिता मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी मी 'नाही' म्हणालो असतो तर? तुम्हाला द्यावं लागलं असतं ना?"

"छे! म्हटलं असतं, माल यायचा आहे, उद्या या."

"आणि उद्या आलो असतो तर?"

"तर उद्या म्हटलं असतं, परवा या. माझ्याजवळ दुसरं काय होतं साहेब? मी काही डॉक्टर नाही. फक्त आजचा दिवस पुढे ढकलता येतो, तेवढं दुकानदाराला जमतं." मग हसल्या. "पण घाबरले होते मी. विचारायची हिंमत यावी म्हणून तर आधी जेवायला वर नेलं."

या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली. तैयबभाई गेले, वयानुसार, झोपेत. त्यांच्या खोलीत त्यांच्यासाठी मी हिंगणघाटहून पाठवलेल्या चांगल्या कापसाच्या उशा होत्या. मला नात झाली. तिच्या बारशाला मुनीराबेन आल्या, पाळण्यावर वाकल्या आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मधे दोन वेळा तो जुना जडपणा पुन्हा माझ्या अंगावर येऊ लागला होता. दोन्ही वेळा मी लपवलं नाही. कुंदाला सांगितलं, डॉक्टरकडे गेलो, तो ओसरला.

तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, मुनीराबेनचा फोन आला. आवाज दबका होता. "देवतळे साहेब, एक जण आलाय. तुमच्यासारखाच. वर बसवलंय. घरच्यांना फोन केलाय, पण ते लांबून येणार आहेत. माझ्याशी बोलायला तयार नाही. तुम्ही येता का?"

मी कुंदाला सांगितलं आणि गाडी काढली. तो चाळिशीचा होता, शाळेत मास्तर. पाठ भिंतीला लावून, खाली मान घालून बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. शेवटी मी त्याला माझंच सांगितलं, सुरुवातीपासून. फेस गालावर वाळला तिथून. तो ऐकतोय की नाही कळत नव्हतं. मी थांबलो तेव्हा त्याने मान न उचलता विचारलं, "मग कधी बरं वाटलं?"

"लवकर नाही वाटलं," मी म्हणालो. "पण वाटलं."

तो त्याचा भाऊ येईपर्यंत बसून राहिला. मीही राहिलो.

आता तो अमरावतीला असतो, शाळेत परत रुजू झालाय. महिन्या दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो. फारसं बोलायला आम्हा दोघांनाही जमत नाही. तो म्हणतो, "काका, मी आहे."

"मीही आहे रे," मी म्हणतो.